‘एकाआड एक’ हे यादृच्छिक वाटप का ठरत नाही

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. फिजिओथेरपीच्या पदव्युत्तर प्रबंधासाठी गुडघेदुखीच्या रुग्णांवर व्यायामाच्या दोन पद्धतींची तुलना करायची आहे. वेदना ० ते १०० मिलिमीटरच्या पट्टीवर मोजायची असून, १० मिलिमीटरचा फरक रुग्णाच्या दृष्टीने महत्त्वाचा आणि प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती पसरलेले आहेत याचे माप) सुमारे २० मिलिमीटर, असे सिनॉप्सिसमध्ये, म्हणजे प्रबंधाच्या आराखड्यात, धरले आहे. प्रत्येक गटात ३० रुग्ण घ्यायचे ठरले असून, ओपीडीत आलेला पहिला रुग्ण ‘अ’ गटात, दुसरा ‘ब’ गटात, तिसरा पुन्हा ‘अ’ गटात, अशा रीतीने १४ रुग्णांची भरती झालीही आहे. रुग्ण कोणत्या क्रमाने येतील हे आपल्या हाती नसते, तेव्हा ही पद्धत यादृच्छिकच, म्हणजे निव्वळ योगायोगावर सोपवलेलीच आहे, असे आपल्या मार्गदर्शकांचे म्हणणे आहे. एथिक्स कमिटीवरच्या संख्याशास्त्रज्ञांनी मात्र हरकत घेतली आहे. त्याशिवाय ३० हा आकडा पुरेसा आहे का, दोन्ही गट सुरुवातीला सारखे होते हे टी-चाचणीने (दोन गटांच्या सरासरींतला फरक तपासण्याच्या पद्धतीने) दाखवावे का, आणि मध्येच व्यायाम सोडणाऱ्यांचे काय करावे, हेही आपण विचारले आहे.

हरकत रास्त आहे. मार्गदर्शकांच्या युक्तिवादाचा पहिला भाग खरा आहे, कारण रुग्णांचा क्रम आपण ठरवत नाही. पण आलेल्या रुग्णाला अभ्यासात घ्यायचे की नाही हे आपणच ठरवतो, आणि ते ठरवताना पुढची जागा ‘अ’ची की ‘ब’ची हे आपल्याला आधीच ठाऊक असते. सगळी अडचण या ठाऊक असण्यात आहे.

हे प्रत्यक्षात कसे घडते ते पाहा. सकाळचे साडेअकरा वाजले आहेत, केसपेपरची चळत वाढते आहे आणि रजिस्टरमध्ये पुढची जागा ‘ब’ गटाची, म्हणजे आठवड्यातून तीनदा येऊन करायच्या जड व्यायामाची आहे. समोर ६८ वर्षांच्या आजी बसल्या आहेत. हातात काठी, वजन जास्त, आणि तालुक्याच्या गावाहून एसटीने दोन तासांचा प्रवास. निवडीच्या निकषांत त्या बसतात, पण यांना हे झेपणार नाही असे आपल्या मनात येते आणि ‘एक्स-रे जुना आहे, नवा काढून या’ असे आपण सांगतो. त्यांच्या पाठोपाठ आलेल्या ४८ वर्षांच्या शिक्षिका ‘ब’ गटात जातात. चार दिवसांनी आजी नवा एक्स-रे घेऊन येतात तेव्हा जागा ‘अ’ची असते आणि त्या निर्धास्तपणे ‘अ’ गटात नोंदवल्या जातात. यात कोणी खोटे बोललेले नाही, रजिस्टरमधला क्रम काटेकोरपणे एकाआड एकच आहे, आणि तरीही ‘ब’ गट तरुण आणि ‘अ’ गट म्हातारा होऊ लागला आहे. असे सात-आठ वेळा घडले की ‘ब’ पद्धत सरस ठरणार हे व्यायाम सुरू होण्याआधीच ठरून जाते.

या दोषाचे मूळ बहुतेक वेळा लबाडीत नसून कणवेत असते. १९३० साली स्कॉटलंडमधील लॅनार्कशायर परगण्यात शाळेतल्या मुलांना रोज दूध दिल्याने त्यांची वाढ किती होते हे पाहण्यासाठी एक अवाढव्य प्रयोग झाला. फेब्रुवारी ते जून या काळात ६७ शाळांमधील सुमारे २०,००० मुलांची वजने आणि उंच्या घेण्यात आल्या. त्यांपैकी १०,००० मुलांना रोज पाऊण पिंट दूध मिळाले आणि उरलेल्या १०,००० मुलांना मिळाले नाही. मुलांची निवड काही शाळांत चिठ्ठ्या टाकून, तर काही शाळांत आडनावांच्या अकारविल्हे क्रमाने करण्यात आली होती. परंतु एखाद्या गटात धष्टपुष्ट किंवा हडकुळी मुले फार झाली असे वाटल्यास मुलांची अदलाबदल करण्याची मुभा शिक्षकांना होती, आणि शिक्षकांनी साहजिकच उपाशी दिसणाऱ्या मुलांना दुधाच्या रांगेत आणले. परिणामी, दूध न मिळालेली मुले प्रयोगाच्या पहिल्याच दिवशी दूध मिळणाऱ्यांपेक्षा सरासरीने जड आणि उंच निघाली. वजनात सुमारे तीन महिन्यांच्या आणि उंचीत सुमारे चार महिन्यांच्या वाढीइतका हा फरक होता. १९३१ मध्ये या प्रयोगाची चिरफाड करणारा लेख ‘स्टुडंट’ या टोपणनावाने प्रसिद्ध झाला. हे गृहस्थ म्हणजे डब्लिनच्या गिनेस मद्यनिर्मिती कंपनीत काम करणारे विल्यम गॉसेट. ज्या टी-चाचणीबद्दल आपण विचारले आहे, ती त्यांचीच. त्यांनी आणखी एक मुद्दा काढला होता आणि तो मला फार आवडतो: वजने कपड्यांसकट घेतली होती, फेब्रुवारीत जाड कपड्यांत आणि जूनमध्ये पातळ कपड्यांत, मात्र गरीब मुलांच्या अंगावर हिवाळ्यातही उतरवण्याजोगे फारसे कपडे नव्हते, त्यामुळे त्यांचे वजन अधिक वाढल्यासारखे दिसले. २०,००० मुलांची संख्या या दोषापुढे काहीच कामाची ठरली नाही. निवडीतला कल संख्या वाढवल्याने कमी होत नाही, तो फक्त अधिक ठामपणे छापला जातो.

वैद्यकीय चाचण्यांत यादृच्छिक आकड्यांचा वापर रुजवण्याचे श्रेय ज्यांना दिले जाते त्या ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी हीच गोष्ट ओळखली होती. संभाव्यतेचे शास्त्र आणि यादृच्छिक वाटप यांचा संबंध संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी त्याआधीच इंग्लंडमधील रोथॅमस्टेड कृषी संशोधन केंद्राच्या शेतांवर दाखवून दिला होता. हिल यांना मात्र डॉक्टरांपासून पुढचा गट लपवण्याची सोय हवी होती, कारण एकाआड एक पद्धतीत डॉक्टर पुढचा क्रम ओळखून वागतात हे त्यांना ठाऊक होते. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने फुप्फुसाच्या क्षयावर केलेल्या स्ट्रेप्टोमायसिनच्या चाचणीत, जिचा अहवाल १९४८ साली प्रसिद्ध झाला, प्रत्येक रुग्णालयासाठी यादृच्छिक आकड्यांवरून वेगळा क्रम तयार करण्यात आला. तो क्रम रुग्ण निवडणाऱ्या कोणालाही ठाऊक नव्हता. तो बंद पाकिटांत होता आणि पाकिटावर केवळ रुग्णालयाचे नाव आणि क्रमांक होता. रुग्ण पात्र आहे असा निर्णय झाल्यावरच पाकीट फोडले जाई. १०७ रुग्णांपैकी ५५ जणांना स्ट्रेप्टोमायसिन आणि पूर्ण विश्रांती, तर ५२ जणांना फक्त विश्रांती मिळाली. सहा महिन्यांत पहिल्या गटात ४ आणि दुसऱ्या गटात १४ मृत्यू झाले. औषधाचा साठाच इतका तुटपुंजा होता की सर्वांना ते देणे शक्य नव्हते. (तुलना गटातील रुग्णांना आपण एका चाचणीत आहोत हे सांगितलेले नव्हते, ही गोष्ट आजची कोणतीही एथिक्स कमिटी मान्य करणार नाही.)

तेव्हा यादृच्छिक वाटपाचे दोन वेगवेगळे भाग ध्यानात घ्यावेत. पहिला भाग क्रम तयार करण्याचा, आणि दुसरा भाग तो क्रम रुग्ण घेणाऱ्यापासून शेवटच्या क्षणापर्यंत लपवून ठेवण्याचा. क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री-इंडियाच्या, म्हणजे भारतातील वैद्यकीय चाचण्यांच्या नोंदवहीच्या, अर्जात यांसाठी दोन स्वतंत्र रकाने आहेत, आणि विद्यार्थी दोन्ही ठिकाणी ‘संगणकाने तयार केलेले आकडे’ असे एकच उत्तर लिहितात, हे मी इतक्या वेळा पाहिले आहे की आता आश्चर्य वाटत नाही. संगणकाने उत्तम क्रम दिला आणि त्याची छापील प्रत ओपीडीतल्या भिंतीवर चिकटवली, तर त्याची किंमत एकाआड एक पद्धतीइतकीच राहते. १९९५ मध्ये केनेथ शुल्झ आणि सहकाऱ्यांनी २५० चाचण्या तपासल्या, तेव्हा ज्या चाचण्यांत वाटप नीट लपवलेले नव्हते त्यांत उपचाराचा परिणाम, शक्यता-गुणोत्तराच्या (घटना घडणे आणि न घडणे यांच्या प्रमाणाची दोन गटांत तुलना करणाऱ्या) मापाने, ४१ टक्क्यांनी फुगलेला आढळला. इतका फुगवटा देणारे औषध कोणी शोधून काढले तर त्याची बातमी होईल.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळतो. आपल्या चाचणीत रुग्ण आणि व्यायाम शिकवणारा या दोघांनाही गट कळणारच, कारण व्यायाम काही गोळीप्रमाणे एकसारखा दिसणारा करता येत नाही. म्हणूनच वाटप लपवण्याचे महत्त्व येथे दुपटीने वाढते. सगळ्यात चांगला मार्ग म्हणजे क्रम दुसऱ्या विभागातील व्यक्तीकडे ठेवणे आणि रुग्णाची संमती घेऊन, नाव नोंदवून झाल्यावर फोन करून गट विचारणे. ते शक्य नसेल तर पाकिटे वापरावीत, पण ती कशी वापरतात यावर सर्व अवलंबून आहे. पाकीट जाड आणि अपारदर्शक हवे. माझ्या पाहण्यातल्या एका अभ्यासात पातळ पांढरी पाकिटे ट्यूबलाइटसमोर धरली की आतले अक्षर स्वच्छ वाचता येत असे, आणि तेथील निवासी डॉक्टरांना ते पहिल्याच आठवड्यात कळले होते. आत चिठ्ठीभोवती अॅल्युमिनियमची फॉइल गुंडाळावी आणि चिठ्ठीवर कार्बन कागद ठेवावा. पाकीट फोडण्याआधी त्यावर रुग्णाचे नाव, तारीख आणि वेळ बॉलपेनने दाबून लिहावी, म्हणजे ती आतल्या चिठ्ठीवर उमटते आणि फोडलेले पाकीट नको म्हणून दुसरे उघडण्याची वाट बंद होते. पाकिटे क्रमांकानेच उघडायची, आणि ती आपल्या ड्रॉवरमध्ये ठेवायची नाहीत.

क्रम तयार करताना बहुतेक जण चार-चारचे ठोकळे वापरतात, म्हणजे दर चार रुग्णांत दोन ‘अ’ आणि दोन ‘ब’. ही कल्पना मूळची शेतीतली आहे. शेताच्या एका टोकाची माती सुपीक आणि दुसऱ्या टोकाची निकस असेल, तर शेजारशेजारच्या वाफ्यांचा एक ठोकळा करून त्यातच सगळे वाण पेरायचे, म्हणजे मातीतला फरक तुलनेत शिरत नाही. कृषी पदवीधरांना हे पानसे-सुखात्मे यांच्या पुस्तकातून पाठच असते. पण वाफ्याला पुढचे वाण ओळखता येत नाही, डॉक्टरला येते. चारच्या ठोकळ्यात एकूण सहा क्रम संभवतात. प्रत्येकात चौथा रुग्ण आधीच ओळखता येतो, आणि ज्या दोन क्रमांत पहिले दोघे एकाच गटात जातात त्यांत तिसराही ओळखता येतो. हिशेब केला तर सरासरीने दर चारांत सव्वापेक्षा थोडे अधिक, म्हणजे एकतृतीयांश रुग्णांचा गट आधी कळतो. आपल्या ६० रुग्णांत हे २० रुग्ण होतात. त्यामुळे उघड चाचणीत, म्हणजे रुग्णाला मिळालेला गट लपून राहत नाही अशा चाचणीत, एकाच मापाचे ठोकळे वापरू नयेत. चार आणि सहाचे ठोकळे यादृच्छिकपणे मिसळावेत आणि ठोकळ्यांची मापे भरती करणाऱ्यांना सांगू नयेत.

खरे तर ठोकळे अजिबात न वापरता प्रत्येक रुग्णासाठी नाणेफेकीसारखे साधे वाटप करण्यासही माझी हरकत नाही. त्यावर नेहमी विचारले जाते की गट ३५ आणि २५ झाले तर काय करायचे. ६० रुग्णांत एवढे किंवा याहून जास्त अंतर पडण्याची शक्यता सुमारे चारांत एक आहे, म्हणजे ते दुर्मीळ नाही. पण त्याने नुकसान किती होते? ३५ आणि २५ या गटांतून मिळणारी अचूकता ही २९-२९ च्या, म्हणजे ५८ रुग्णांच्या समसमान गटांइतकी असते. दोन रुग्णांचे नुकसान एवढ्यासाठी वीस रुग्णांचा गट आधी कळू देणे हा तोट्याचा सौदा आहे. परीक्षकांना दोन्ही गटांत सारखा आकडा पाहण्याची सवय असते, इतकेच.

संख्येबद्दल आपण विचारले आहे. प्रत्येक गटात ३० हा आकडा कोठून येतो हे मला आजवर कोणी समाधानकारकपणे सांगितलेले नाही. तो मोठ्या नमुन्याच्या एका जुन्या ढोबळ नियमातून आला असावा आणि तुलनेशी त्याचा संबंध नाही. १० मिलिमीटरचा फरक आणि २० मिलिमीटरचे प्रमाण विचलन धरले, तर ५ टक्के सार्थकता पातळीवर (फरक नसताना तो आहे असे म्हणण्याची जोखीम ५ टक्के ठेवून) ८० टक्के सामर्थ्य (फरक असल्यास तो हाती लागण्याची शक्यता) मिळवण्यासाठी प्रत्येक गटात सुमारे ६४ रुग्ण लागतात. ३० रुग्णांत हाच फरक खरोखर असला तरी तो हाती लागण्याची शक्यता जेमतेम निम्मी राहते; म्हणजे दोन वर्षांची मेहनत नाण्याच्या छाप-काट्यावर लावल्यासारखे होते. यातून एक स्वस्त वाट आहे. सुरुवातीची वेदना आणि शेवटची वेदना यांत साधारण ०.५ इतका सहसंबंध (दोन आकडे एकमेकांबरोबर किती बदलतात याचे माप) असेल आणि विश्लेषण सुरुवातीची वेदना लक्षात घेऊन, म्हणजे सहविचरण विश्लेषणाने केले, तर विचरण (प्रमाण विचलनाचा वर्ग) एकचतुर्थांशाने कमी होते आणि ६४ ऐवजी ४८ रुग्ण पुरतात. त्यात १५ टक्के गळती धरली की प्रत्येक गटात ५७ रुग्णांची भरती करावी लागेल. एका महाविद्यालयात एवढे रुग्ण मिळत नसतील, तर शेजारच्या महाविद्यालयातील विद्यार्थ्याबरोबर एकच नियमावली ठरवून काम करणे हे दोघांनी तीस-तीसच्या दोन वेगळ्या चाचण्या करण्यापेक्षा फार चांगले.

टी-चाचणीने सुरुवातीचे गट सारखे असल्याचे दाखवू नये. सुरुवातीच्या फरकावर लावलेली टी-चाचणी ‘हा फरक केवळ योगायोगाने पडला असेल का’ असे विचारते, आणि वाटप खरोखर यादृच्छिक असेल तर उत्तर आधीच माहीत असते: हो, योगायोगानेच. वाटपात खोट असेल तर ३० रुग्णांत पी-मूल्य (खरा फरक नसताना एवढा किंवा अधिक फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता) ०.०५ च्या वर राहिले म्हणून ती खोट निघून जात नाही. तक्त्यात सरासरी, प्रमाण विचलन आणि टक्केवारी द्यावी आणि पी-मूल्याचा स्तंभ काढून टाकावा. मार्गदर्शक तो स्तंभ हवाच म्हणाले तर वाद घालू नये, पण त्यावरून कोणताही निष्कर्ष लिहू नये.

व्यायाम सोडून देणाऱ्यांचा प्रश्न याहून गंभीर आहे, कारण येथे वाटप लपवून मिळवलेले सगळे एका फटक्यात गमावता येते. ‘ज्यांनी ८० टक्के सत्रे पूर्ण केली त्यांचेच विश्लेषण केले’ हे वाक्य प्रबंधांत सर्रास आढळते आणि वाचायला समंजस वाटते. अमेरिकेत हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या पुरुषांवर झालेल्या कोरोनरी ड्रग प्रोजेक्ट या चाचणीची १९८० साली प्रसिद्ध झालेली आकडेवारी पाहा. क्लोफायब्रेट हे औषध ८० टक्के किंवा त्याहून अधिक प्रमाणात नियमित घेणाऱ्यांत पाच वर्षांतले मृत्यू १५.० टक्के, तर अनियमित घेणाऱ्यांत २४.६ टक्के होते. औषधाचा केवढा हा गुण, असे वाटते ना? पण ज्यांना औषधाविना नुसती दिखाऊ गोळी दिली होती, त्यांतही ती नियमित घेणाऱ्यांचे मृत्यू १५.१ टक्के आणि अनियमित घेणाऱ्यांचे २८.३ टक्के होते. सांगितलेले नेमाने करणारी माणसे मुळातच वेगळी असतात. ती बाकीच्या पथ्यांतही वेगळी असतात आणि बहुधा कमी आजारीही. आपल्या ‘ब’ गटातून दुखणे वाढलेले लोक निघून गेले आणि उरलेल्यांचीच सरासरी काढली, तर आपण पुन्हा ओपीडीतल्या त्या आजींना वगळत असतो, फक्त तीन महिने उशिरा.

म्हणून ज्याला जो गट मिळाला त्याच गटात त्याची मोजणी करावी, मग त्याने एक सत्र केलेले असो किंवा छत्तीस. त्यासाठी व्यायाम सोडणारा आणि अभ्यास सोडणारा यांत पहिल्या दिवसापासून फरक ठेवावा लागतो. व्यायाम सोडलेल्या रुग्णालाही बाराव्या आठवड्यात फोन करून बोलवावे, शक्य असल्यास एसटीचे भाडे द्यावे, आणि वेदनेची पट्टी त्याच्या हाती गट ठाऊक नसलेल्या सहकाऱ्याने द्यावी. वेदना रुग्णच सांगणार असल्याने अंध मोजणीचा येथे पूर्ण फायदा मिळत नाही, पण ‘बरं वाटतंय ना आता?’ असे विचारत पट्टी पुढे करणारा उत्साही संशोधक तरी मध्ये येत नाही.

राहता राहिले ते १४ रुग्ण. त्यांना नव्या रुग्णांत मिसळू नये आणि गुपचूप गाळूही नये. त्यांचे उपचार ठरल्याप्रमाणे पूर्ण करावेत आणि प्रबंधात त्यांचे स्वतंत्र, प्राथमिक अभ्यास म्हणून वर्णन करावे. दोन पद्धतींची तुलना त्यांच्यावरून करता येणार नाही. पण आठवड्याला किती पात्र रुग्ण मिळतात, किती जण सहाव्या सत्रानंतर येईनासे होतात, आणि वेदनेचे आकडे साधारण किती पसरलेले असतात, हे सांगण्यापुरते ते उपयोगी आहेत. एथिक्स कमिटीला दुरुस्तीचा अर्ज करताना त्यांचा उल्लेख स्पष्टपणे करावा; हरकत घेणाऱ्या संख्याशास्त्रज्ञांनाच पाकिटांचा क्रम तयार करून देण्याची विनंती करावी, ते सहसा नाही म्हणत नाहीत. क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री-इंडियामध्ये १ एप्रिल २०१८ पासून पहिला रुग्ण घेण्याआधीच नोंदणी करावी लागते. त्यामुळे सुधारित नियमावलीला कमिटीची मान्यता आणि नोंदणी क्रमांक हातात येईपर्यंत पुढचा रुग्ण अभ्यासात घेऊ नये, त्याला नेहमीचा उपचार द्यावा.